मसाई मारा आणि आमचं वावर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)





समितीचा फोन आला तेव्हाच तीन अटी घातल्या गेल्या. पहिली, सॉफ्टवेअरवर बोलायचं नाही. दुसरी, प्रोजेक्टर मिळणार नाही, तेव्हा फोटो दाखवायचे नाहीत. तिसरी, पंधरा मिनिटांच्या वर गेलीस तर जेवणाची पंगत बसेल आणि ऐकायला कोणी उरणार नाही. मी विचारलं, मग बोलू कशावर? तर म्हणाले, "तू आणि भाऊजी आफ्रिकेत सिंह बघून आलात ना, तेच सांग." बावीस वर्षं संगणकासमोर बसून काढली, पण वर्गाला माझ्यातलं ऐकावंसं वाटलं ते एवढंच! असो. सांगते.

आम्ही दोघं ऑगस्ट २०२४ मध्ये केनियातल्या मसाई माराला गेलो होतो. लग्नाला वीस वर्षं झाली, मुलगी बारावी होऊन वसतिगृहात गेली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांनाच कुठेतरी जायची सवड मिळाली. जायचं कुठे यावर आमच्यात एकमत नव्हतं. माझं माहेर इथलं, जळगाव शहरातलं. आमच्या घरात जनावर म्हणजे शेजाऱ्यांचं मांजर. रानातलं जनावर मला पुस्तकात भेटलं, टीव्हीवर भेटलं, आणि कायम आवडत आलं. माझा नवरा धुळे जिल्ह्यातला, शिरपूर तालुक्यात अनेर धरणाच्या बाजूला त्यांचं गाव. घरी कापूस, मका, थोडी केळी. नोकरी बँकेत, पण शनिवार आला की मन गावाकडे. रानातल्या जनावरांशी त्याची ओळख लहानपणापासूनची, आणि ती काही प्रेमाची नाही. रात्रभर माळ्यावर बसून डबा वाजवायचा, तरी सकाळी मका आडवा झालेला असायचा, अशी ती ओळख.

आमचा बेत ऐकून सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. म्हणाल्या, "इतला पैसा दिसन जनावरं देखाले जाई ऱ्हायनात? आपला वावरमा ते फुकट येतस."

हसलात ना? आम्हीही हसलो. पण खरं सांगते, सात दिवसांच्या त्या प्रवासात मला हे वाक्य जितक्या वेळा आठवलं तितकं दुसरं काही आठवलं नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी आधी कामाचं बोलते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद केला, त्याऐवजी निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि पिवळं कार्ड पासपोर्टपेक्षा जास्त जपायचं, कारण परत येताना ते आपल्याच विमानतळावर मागतात. मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तास. तिथून गाडीने रिफ्ट व्हॅलीचा मोठा उतार उतरून, नारोक गावावरून मारापर्यंत आणखी पाच-सहा तास. विषुववृत्त जवळ म्हणून सुती कपडेच भराल तर पहाटे कुडकुडाल. मारा दीड हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे, स्वेटर लागतोच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. तिकडे उगाली नावाचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा मिळतो, पालेभाजीबरोबर खातात. शेंगदाण्याच्या चटणीशी त्याचं छान जमतं, हा शोध आमचा.

'सफारी' हा स्वाहिली शब्द, अर्थ नुसता 'प्रवास'. मूळ अरबी 'सफर', आपण मराठीत वापरतो तीच. स्वाहिलीत सिंहाला म्हणतात सिंबा. वाटाड्याने वायरलेसवर 'सिंबा' म्हटलेलं ऐकलं की गाडीतले सगळे आपोआप ताठ बसायचे.

नववीच्या भूगोलात आपण सॅव्हाना पाठ केला होता, आठवतंय? "उंच गवत आणि विरळ झाडे." दोन गुणांचं उत्तर. मारात पहिल्या पहाटे गाडीचं छत वर उचललं, आम्ही दोघं उभे राहिलो आणि ते दोन गुण नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरलेले दिसले. मसाई मारा राष्ट्रीय अभयारण्य आहे सुमारे १,५१० चौरस किलोमीटर. आपलं यावल अभयारण्य १७७ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेआठ यावल मावतील एवढं. आणि मारा हे फक्त उत्तरेचं टोक. खाली टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं, आपल्या अख्ख्या जळगाव जिल्ह्याहून मोठं. दोन्हींच्या मध्ये देशाची सीमा आहे, कुंपण नाही. त्यामुळे तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर झेब्र्यांचे, हरणांचे कळप पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे वर्षभर गोल फिरत राहतात. फेब्रुवारीच्या सुमाराला दक्षिणेत दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात, आणि जुलैपासून हे कळप मारा नदी ओलांडून उत्तरेला येतात.

वाइल्डबीस्ट दिसायला कसा? पुढून बैल, मागून तरसासारखा उतरता, तोंड घोड्याचं आणि दाढी बोकडाची. देवाने उरलेल्या सामानातून बनवला असावा असा.

पहिल्याच दिवशी मी वही काढून यादी सुरू केली. सिंहीण आणि तीन बछडे, हत्तींचा कळप, जिराफ, मातीच्या ढिगावर उभी राहून टेहळणी करणारी चित्त्याची मादी, तरस, गिधाडांच्या तीन जाती. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, तुला काय काय दिसलं? त्याची यादी अशी होती: अभयारण्याच्या हद्दीबाहेर चरणाऱ्या गायींचे सहा कळप, सगळ्या वशिंडाच्या, आपल्यासारख्याच. त्यांच्याबरोबर एक गुराखी, वय साधारण दहा वर्षं, हातात फक्त काठी. पाणवठे दोन. कुंपण एकही नाही.

आमचा वाटाड्या मसाईच होता. नवऱ्याने त्याला पहिला प्रश्न सिंहाबद्दल विचारला नाही. विचारलं, "तुमची गाय किती लिटर देते?" तो माणूस मागे वळून हसला. आमची गाडी पर्यटकांची उरली नाही ती तिथून. दोन गुरंवाल्यांच्या गप्पा सुरू झाल्या आणि मी मागच्या सीटवर दुभाषी.

तिसऱ्या दिवशी नदी. काठावर साडेतीन तास बसून होतो. पलीकडच्या उतारावर हजारो वाइल्डबीस्ट जमले होते. पुढचे पाण्यापर्यंत यायचे, हुंगायचे, काहीतरी खटकायचं आणि वळून पळायचे. त्यांच्यामागे सगळा कळप पळायचा. चार वेळा असं झालं. पाण्यात मगरी होत्या, नुसती लाकडं तरंगत असावीत अशा. पाचव्या वेळी एका झेब्र्याने उडी घेतली आणि बांध फुटावा तसे सगळे आत आले. धूळ, ओरडा, पाण्याचा खळखळाट. मगरीने एक वासरू धरलेलं मी पाहिलं. ते एकदा वर आलं, मग दिसलं नाही. वीस मिनिटांत शेवटचा प्राणी पलीकडे चढला आणि काठावर एक आई ज्या बाजूने आली त्याच बाजूला तोंड करून हंबरत उभी राहिली. गाडीत कोणी बोललं नाही. आमच्या मराठी घरांत एरवी कोणीतरी लगेच "चला, चहा घेऊ" म्हणतं. तेही कोणी म्हटलं नाही.

संध्याकाळी कॅम्पवर वाटाड्याने आम्हाला एक गोष्ट सांगितली, आणि नंतर मी ती वाचून पडताळली. आज दिसणारे हे लाखो प्राणी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नव्हते. १८८७ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गुरांचा एक रोग शिरला. इंग्रजीत रिंडरपेस्ट, आपल्याकडे बुळकांडी. बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर तो आला. पुढच्या काही वर्षांत मसाईंची बहुतेक गुरं मेली, त्यांच्यामागोमाग उपासमारीने माणसं मेली, आणि गुरांकडून हाच रोग वाइल्डबीस्टना लागला. पुढची कित्येक दशकं त्यांची वासरं दर वर्षी बुळकांडीने मरत राहिली. १९६१ च्या सुमाराला सेरेंगेटीत वाइल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. मग पार्काच्या भोवतालच्या गावांतून गुरांना लस टोचण्याची मोहीम झाली. वॉल्टर प्लोराइट या शास्त्रज्ञाने केनियातच तयार केलेली लस पुढे जगभर वापरली गेली. गुरांचा रोग गेला, तसा १९६३ पर्यंत वाइल्डबीस्टमधूनही तो नाहीसा झाला. रानातल्या एकाही जनावराला सुई टोचली नाही. १९७७ पर्यंत त्यांची संख्या तेरा लाखांवर गेली. २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं.

नवऱ्याला 'बुळकांडी' शब्द समजावून सांगावा लागला नाही. त्याच्या आजोबांच्या दावणीची एक बैलजोडी त्या रोगाने गेली होती, घरात अजून सांगतात. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे गोठा सुधारला म्हणून रान सुधारलं." मी इंजिनिअर असून मला हे इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी वाटाड्याने आम्हाला त्याच्या घरी नेलं. मसाई वस्तीत मधोमध गुरांचा वाडा, त्याला ते बोमा म्हणतात. भोवती बाभळीच्या काटेरी फांद्यांचं गोल कुंपण. साक्रीकडचे ठेलारी धनगर मेंढ्यांभोवती रात्री वाघर लावतात, तीच कल्पना, फक्त जाळीऐवजी काटे आणि लांडग्याऐवजी सिंह. नवऱ्याने विचारलं, "सिंहाने गाय मारली तर काय करता?"

वाटाड्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की पूर्वी गावातले तरुण भाले घेऊन निघत. १९७७ मध्ये केनियाने शिकार बंद केली. आता कोणी चिडून मेलेल्या गायीवर शेतीचं विषारी औषध टाकतो. सिंह परत खायला येतो आणि मरतो. त्याच्यामागून तरस मरतात, कोल्हे मरतात, शेकड्यांनी गिधाडं मरतात. नुकसानभरपाईचा कायदा आहे, पण पैसा यायला इतका उशीर होतो की तोवर माणसाचा राग वाट बघत नाही. हे सांगताना तो कोणाला दोष देत नव्हता. ज्याची एकुलती एक दुभती गाय गेली त्याच्याबद्दल बोलत होता, आणि तो त्याचा चुलतभाऊच होता.

त्या रात्री तंबूत आम्हाला झोप आली नाही. लांबून सिंहाचा आवाज येत होता. तो आठ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो म्हणतात, अंगावर मात्र शेजारी उभा असल्यासारखा येतो. आणि मग नवऱ्याने मला एक गोष्ट सांगितली, जी त्याने घरी कधी काढली नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या शिवारात एक सालदार गेला होता. ते मला माहीत होतं. रानडुकरांसाठी मक्याच्या शेताभोवती तार ओढून तिच्यात थेट वीज सोडली होती, पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस तिला चिकटला. पस्तिशीचा होता, दोन लहान मुलं. तार लावणारा शेतकरी काही दुष्ट माणूस नव्हे. तीन वर्षं डुकरांनी त्याचं पीक खाल्लं होतं, तलाठ्याकडे, वनखात्याकडे खेटे घालून झाले होते. मला जे माहीत नव्हतं ते हे: तसंच तारेचं एक बंडल त्या वर्षी आमच्याही घरी, धान्याच्या खोलीत येऊन पडलं होतं. सासऱ्यांनी आणलेलं. सालदार गेला म्हणून ते लावलं गेलं नाही, पण परतही गेलं नाही. "या वर्षी मका गेला तर दादा ती तार लावतील," नवरा अंधारात म्हणाला. "आणि मी त्यांना काय सांगू? पुण्याहून फोनवर सांगू की कायदा आहे, लावू नका?"

मंडळी, आपल्यापैकी निम्म्यांची तरी मुळं अशाच एखाद्या गावात आहेत. हा प्रश्न तुमच्याही घरात असेल, म्हणून मी तो इथे बोलते आहे.

पाचव्या दिवशी आम्ही अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका राखीव क्षेत्रात गेलो. माराच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाईंच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनी आहेत. मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी, नाबोइशो अशी तिथल्या क्षेत्रांची नावं. शेकडो जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले आहेत. अटी साध्या: कुंपण घालायचं नाही, आत घर बांधायचं नाही, गुरं पाळीपाळीने ठरलेल्या भागातच चारायची. त्याबदल्यात दर महिन्याला ठरलेलं भाडं. सिंह दिसो वा न दिसो, पर्यटक चार येवोत वा चाळीस. पैसे वळते करायला मोबाइल आहेच. केनियात एम-पेसा २००७ पासून आहे, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधीपासून. हे ऐकून माझ्यातली सॉफ्टवेअरवाली जरा खट्टू झाली.

सगळं गोड आहे असं नाही. २०२० मध्ये कोरोनाने पर्यटक थांबले तेव्हा भाडंही कमी झालं, आणि एकाच धंद्यावर विसंबण्यातला धोका सगळ्यांना कळला. या क्षेत्रांच्या बाहेर तारेची कुंपणं वाढत चालली आहेत आणि प्राण्यांच्या जुन्या वाटा बंद होत आहेत. तरी त्या माणसांनी एक गोष्ट कागदावर आणली आहे: सिंह जगवायचा खर्च सिंहाच्या शेजाऱ्याच्या माथी मारायचा नाही.

परतीच्या दिवशी नैरोबीत विमानाला वेळ होता. शहराला लागूनच नैरोबी राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ मधलं, केनियातलं पहिलं. मागे उंच इमारती आणि पुढे गेंडा असा फोटो तिथेच मिळतो. उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूला राहणाऱ्या एका मसाई मुलाची गोष्ट मला इथल्या मुलांना मुद्दाम सांगायची आहे. त्याचं नाव रिचर्ड टुरेरे. अकरा वर्षांचा असताना वडिलांची गुरं राखायची जबाबदारी त्याच्यावर होती आणि सिंह येऊन गुरं मारून जायचे. घरचा एकुलता एक वळू गेला. त्याने आधी शेकोटी पेटवून पाहिली. त्या उजेडात सिंहाला गोठाच नीट दिसायला लागला! मग बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह बिचकला, दुसऱ्या रात्री त्याला कळलं की हे हलत नाही. एका रात्री मुलगा स्वतः टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरला, आणि सिंह आलेच नाहीत. त्याच्या लक्षात आलं की सिंह हलत्या उजेडाला भितात. आईचा नवा रेडिओ खोलून तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता, त्यासाठी बोलणीही खाल्ली होती. त्याने गाडीची जुनी बॅटरी, सौर पॅनेल, मोटरसायकलच्या इंडिकेटरची डबी आणि फुटक्या टॉर्चचे दिवे जोडले. दिवे आळीपाळीने लुकलुकतात, सिंहाला वाटतं कोणीतरी फिरतंय. पोरगा घरात झोपलेला! शेजाऱ्यांनी त्याच्याकडून तसेच दिवे बसवून घेतले. त्याला चांगल्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि २०१३ मध्ये टेडच्या व्यासपीठावर त्याने ही गोष्ट स्वतः सांगितली.

ही गोष्ट मी विमानतळावर नवऱ्याला सांगितली. पुढचे सहा तास तो कागदावर आकृत्या काढत होता.

आल्यावर काय केलं ते सांगते, कारण त्याशिवाय ही नुसती प्रवासाची गोष्ट राहील. पहिल्यांदा दिवे लावले. आठ-दहा रात्री बरं चाललं, मग डुकरांना सवय झाली. रानडुक्कर सिंहापेक्षा हुशार आहे, हे आमचं संशोधन. मग सौर झटका मशीन आणलं. ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, पण फरक समजून घ्या. थेट विजेच्या तारेत प्रवाह सतत वाहतो, स्नायू आवळले जातात, हात सुटत नाही. झटका मशीन सेकंदाला साधारण एक, निमिषभराचा ठोका देतं. जनावर दचकून मागे सरतं, माणूसही. मरत कोणी नाही. आणि तार? धान्याच्या खोलीतलं तेच बंडल. सासऱ्यांनी स्वतः खांबांवर ओढलं.

त्या हंगामात आमचा मका वाचला. पण डुकरं शेजारच्या वावरात वळली आणि तिथलं नुकसान वाढलं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे: एका ठिकाणचा बग दाबला की तो शेजारच्या मॉड्यूलमधून डोकं वर काढतो. शेजारी रागावला, आणि त्याचं बरोबर होतं. तेव्हा नवऱ्याने माराची गोष्ट बांधावर बसून सगळ्यांना सांगितली. आता पाच जणांच्या शेतांना मिळून एकच कुंपण आहे. तारेखालचं गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून गवत काढायच्या पाळ्या ठरल्या आहेत. नाल्याच्या बाजूला मुद्दाम मोकळी वाट सोडली आहे, जनावरांना पाण्याला जायला. ती वाट सोडायला दोघांचा विरोध होता. नवऱ्याने हट्ट धरला. ज्या माणसाला रानडुकराचं नाव नको होतं, तो त्यांच्या पाण्याच्या वाटेसाठी भांडत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जंगलालगतच्या गावांना अशा कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते. ज्यांची गावं त्यात बसतात त्यांनी चौकशी जरूर करा.

आता शेवटचं. आपल्याला रानासाठी आफ्रिकेला जायची गरज नाही, हे मी म्हणणार नाही. गेलात तर जरूर जा, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण आपल्या खान्देशात काय आहे तेही माहीत असू द्या. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला. तो वाघांचा मोठा शिकारी होता, आणि त्या काळच्या खान्देशात त्याला वाघ कमी पडले नाहीत. आज चाळीसगावजवळच्या अभयारण्याच्या नावात त्याचंच नाव आहे, गौताळा औट्रमघाट. पाटणादेवीच्या सहलीला आपण गेलो होतो ते तिथलंच रान. आणि वाघ संपलेले नाहीत. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वढोद्याच्या जंगलात ते आहेत, २०१४ मध्ये तिथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, सुमारे १२२ चौरस किलोमीटरचं. ते वाघ जंगलाची हद्द ओळखत नाहीत, केळीच्या बागांतून फिरतात. म्हणजे खान्देशातला वाघ कोणाच्या तरी वावरात राहतो. तो उद्या असेल की नाही, हे त्या वावराच्या मालकाला रात्री झोप लागते की नाही यावर ठरेल.

म्हणून शाळेकडे एक मागणी, आणि त्यासाठी लागणारा खर्च आमची तुकडी उचलेल, हे मी सगळ्यांना विचारून सांगते आहे. दर वर्षी नववीची सहल यावल अभयारण्यात पालला न्या. मुलांना रान दाखवा, पक्षी दाखवा, सुकी नदी दाखवा. आणि परत येताना जंगलाच्या कडेच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर मुलांना तासभर बसवा. त्याला विचारू द्या, काका, रात्री काय येतं, काय खातं, तुम्ही काय करता. प्रश्न ऐकल्यावर त्यांच्यातलाच कोणीतरी घरी जाऊन आईचा रेडिओ खोलेल. आईंना माझी विनंती, फार ओरडू नका.

पंधरा मिनिटं झाली, समिती घड्याळ दाखवते आहे. पंगतीला चला.